नदीने न केलेली पायरी

बुधवार, १९ मार्च

वहिनी,
नमस्कार.

सकाळी सहाला उठलो. साडेसहाला गाडी निघाली. दिवसभरात एकतीस घरं झाली. दुपारी शाळेच्या मैदानावर डबा खाल्ला, पाचला परत आलो. हवा कोरडी. दहाच्या सुमारास एक लहान धक्का जाणवला, नुकसान काही नाही.

तुम्ही दोघी माहेरी नीट पोचल्याचं शेजारच्या काकूंकडून कळलं. तुमच्या आईंचे गुडघे कसे आहेत? चिमणीला तिथल्या चौथीच्या वर्गात बसू देतात का? घराची काळजी करू नका. मागच्या उजव्या कोपऱ्याला टेकू लावून घेतला आहे. भिंतींवर चिरा आहेत, पण त्या गिलाव्यातल्या आहेत, आत गेलेल्या नाहीत. मी बॅटरी लावून एकेक पाहिली.

हे पत्र तुम्ही फोडाल की नाही, माहीत नाही. न फोडण्याचं कारण मला माहीत आहे.

दादाला पोचवून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं, स्वयंपाकघरातली भांडी कोणत्या दिशेला पडली? तुम्ही म्हणालात, "भाऊजी, घरातलं माणूस पडलंय, आणि तुम्ही भांडी विचारताय?" आणि आत गेलात. त्यानंतर आपण बोललेलो नाही. मी त्या दिवशी अठरा घरांत तोच प्रश्न विचारून आलो होतो, एकोणिसावं घर तुमचं होतं, एवढंच झालं असं मी स्वतःला सांगतो. ते खरं नाही. तुमच्या घरी भाऊ म्हणून यायला जमलं नाही, म्हणून फॉर्म घेऊन आलो.

आता कामाबद्दल लिहितो, कारण मला दुसरं काही नीट लिहिता येत नाही. दादाने तुम्हाला सांगितलं असेलच, पण तो फुगवून सांगायचा.

भूकंप झाला की आम्ही घरोघर जाऊन बावीस प्रश्न विचारतो. त्या वेळी कुठे होता, काय ऐकलं, काय पडलं, कोणती भिंत फाटली. उत्तरांवरून त्या घराला एक आकडा देतो. आम्ही त्याला पायरी म्हणतो. पाचव्या पायरीला झोपलेली माणसं जागी होतात, सहाव्याला फळीवरचे डबे पडतात, सातव्याला भिंती तडकतात, आठव्याला कच्च्या भिंती पडतात आणि नवव्याला चांगल्या बांधलेल्यासुद्धा. हे आकडे नकाशावर मांडले की जमिनीखाली काय झालं त्याचा अंदाज येतो.

उत्तरं मात्र सरळ मिळत नाहीत. पिठाच्या गिरणीमागे राहणाऱ्या आजींना विचारलं, "आजी, हादरा पहिल्यांदा कधी जाणवला?" त्या म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा." मी विचारलं, "त्या रविवारी तुम्ही उभ्या होता की बसलेल्या?" "मी भांडत होते. भांडताना कोण बसतं?" मग आमचा ड्रायव्हर बाहेरून म्हणाला, "साहेब, सातवी पायरी लिहा." हा ड्रायव्हर गाडी इतकी हळू चालवतो की ऑफिसात त्याला गतिरोधक म्हणतात. आजींनी त्याला चहा दिला, मला नाही.

आणि आज, वहिनी! आज दुपारी डबा खाता खाता मी सकाळचे आकडे नकाशावर भरले. सहा, सात, सहा, सात. मग एकदम नऊ, नऊ, नऊ. त्याच्या पलीकडे पुन्हा सात. मला वाटलं, मीच चुकलो. एका गल्लीच्या रुंदीत सहाचे नऊ होत नाहीत. आजींच्या घरात फक्त फळीवरचे डबे पडले, आणि समोरच्या सुताराचं विटांचं नवं घर जमिनीवर बसलं आहे. मी डबा तसाच ठेवून त्या नऊच्या आकड्यांच्या मागे चालत सुटलो. ते एका सरळ पट्ट्यात होते. सुताराचं घर, मग पाण्याची टाकी, मग दवाखान्याची मागची भिंत, मग शाळा. आणि शाळेच्या मागे पायरी.

तुम्हाला ती पायरी माहीत आहे. शाळेमागचा तो छातीएवढा उंचवटा, ज्याच्यावरून चिमणी आणि तिच्या मैत्रिणी खाली उड्या मारतात आणि गुडघे फोडून घेतात. दादा आणि मी मारलेल्या उड्याही तिथल्याच. गाव तिला नदीची पायरी म्हणतं. पूर्वी कधी नदी इकडून वाहत होती, तिने काठ कापला, तो उरला, असं सगळे समजतात.

त्या पायरीच्या पायथ्याला नवी चीर आहे. नुसती चीर नाही, खालची बाजू आणखी खाली गेली आहे. मी टेप लावला. शेहेचाळीस सेंटिमीटर! गवताची मुळं उघडी लोंबत होती. कुंपणाच्या तारा एका ठिकाणी तुटलेल्या. मी तिच्या कडेने धावलो. बेचाळीस वर्षांचा माणूस गळ्यात होकायंत्र अडकवून धावतोय, हे पाहून गतिरोधकानेही गाडी जोरात आणली. पाऊण किलोमीटर सलग सापडली. असं आयुष्यात एकदा दिसतं, आणि पुष्कळांना तेवढंही दिसत नाही.

मला आनंद झाला. हे तुम्हाला लिहायला नको होतं, पण दुसऱ्या कोणाला लिहू?

एक मागणं आहे. दादाची काळ्या पुठ्ठ्याची वही, ज्यात तो पायरीची मापं लिहायचा, ती तुमच्याबरोबर असेल तर पाठवाल का? कामासाठी हवी आहे. शाळा समितीची बैठक पाच एप्रिलला आहे. नवी शाळा त्याच जागेवर उभी करायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं आहे, कारण नकाशात भ्रंश, म्हणजे जमीन जिथे सरकते ती फट, साडेतीन किलोमीटर लांब नदीपलीकडे दाखवली आहे. नकाशा अकरा वर्षांपूर्वीचा आहे.

आईंना नमस्कार. चिमणीला पापा.

तुमचा,
भाऊजी


गुरुवार, २७ मार्च

वहिनी,
नमस्कार.

पार्सल मंगळवारी मिळालं. पत्ता चिमणीच्या अक्षरात होता, 'विश्रामगृह'मधला श्र तिला बरोबर जमला आहे, तिला सांगा. आत तुमचं पत्र असेल म्हणून मी कागद झटकून पाहिला. नव्हतं. ठीक आहे. वही होती. आणि मी न मागितलेली नळीही होती.

गवंडी पातळी पाहायला वापरतात तीच ही पारदर्शक नळी, दादाची. तुम्ही ती धुऊन, वेटोळं करून, सुती कापडात बांधून पाठवलीत. मी ती त्या दिवशी तुमच्या अंगणात पाहिली होती. शाळेच्या सामानाच्या खोलीच्या ढिगाऱ्यातून दादाला काढलं तेव्हा ती त्याच्या खांद्यावर होती. ज्यांनी काढलं त्यांनी ती आणून तुळशीसारखी जपून ओट्यावर ठेवली होती, चिखलाने भरलेली. तुम्ही ती कधी धुतलीत कोण जाणे.

आधी कामाचं सांगतो.

आम्ही पायरीला आडवा चर खणला. बारा मीटर लांब, तीन मीटर खोल. आमच्या मॅडम, म्हणजे या पाहणीच्या प्रमुख, सोमवारी आल्या. बाई कडक आहेत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे पाहा, तुमचं गाव आहे, तुमचा भाऊ गेलाय. मला तुमची रेघ भावाच्या बाजूला झुकलेली नकोय. पुरावा हवा."

मी म्हणालो, "पुरावाच खणतोय."

"या वेळी जमीन फाटली हे दिसतंच आहे. उद्या समिती म्हणेल, आता फाटून झाली, पुन्हा कशाला फाटेल? पूर्वीही इथेच फाटली होती, असं दाखवता येईल?"

दोन दिवस आम्ही चराच्या भिंती खुरप्याने आणि ब्रशने साफ केल्या. वहिनी, मी तुम्हाला कसं सांगू! तुम्ही वडीचा थाळा कापता तेव्हा काप कसा सगळ्या थरांतून खाली जातो, तसं आहे ते. वर तपकिरी माती, खाली पिवळा गाळ, त्याच्या खाली काळी चिकणमाती. नदीने काठ कापला असता तर खालचे थर पायरीखालून सरळ पलीकडे गेले असते. इथे सगळे थर एका तिरक्या रेघेवर तुटले आहेत, आणि जितकं खाली जावं तितके जास्त सरकले आहेत. वरची माती शेहेचाळीस सेंटिमीटर. काळी माती दीड मीटरच्या वर. म्हणजे काळ्या मातीने हा भूकंप पाहिला आणि याच्या आधीचेही पाहिले.

आणि पायथ्याशी, रेघेला टेकून, ढासळलेल्या मातीचा एक त्रिकोण गाडलेला सापडला. पूर्वी कधी जमीन अशीच खचली, कडा ढासळली, त्यावर शेकडो वर्षांची माती साचली. मी त्याला पांढरी टाचणी लावली. काल दुपारी चारला त्याच्या खाली आणखी एक त्रिकोण निघाला. मी ओरडलो. मॅडम चष्मा डोक्यावर चढवून शिडीने खाली उतरल्या, बराच वेळ नाक मातीला लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन."

"हो."

"याआधी दोनदा."

"हो मॅडम."

"मग तोंड कशाला पाडलंय? हसा की!"

मी हसलो नाही, कारण त्याच वेळी मला वर काठावर दादा उभा आहे असं वाटलं. कमरेवर हात, आणि तोंडावर तो त्याचा 'काय, सांगत होतो ना' वाला चेहरा. वर फक्त गतिरोधक होता, शेंगदाणे खात.

आता वहीबद्दल. मी दोन संध्याकाळी ती वाचली.

दादाने पायरीच्या वर आणि खाली सिमेंटमध्ये एकेक लोखंडी सळई पुरली होती, ते मला माहीतच नव्हतं. नळीत पाणी भरायचं, एक टोक वरच्या सळईला बांधायचं, दुसरं खालच्या सळईला, आणि दोन्हींतला फरक पट्टीवर वाचायचा. एकट्याला जमावं म्हणून त्याने टोकं अडकवायला जुन्या छत्रीच्या तारांचे आकडे केले होते. पहिली चार मापं दर वर्षी एक. १११२, १११३, १११६, १११५ मिलिमीटर. त्यावरून काही सिद्ध होत नाही. माती फुगते, सुकते, नळी चुकते. मीही तेच म्हटलं असतं.

मी तेच म्हटलं होतं.

वहिनी, नदीपलीकडे भ्रंश दाखवणारा तो नकाशा मी काढला. हे तुम्हाला माहीत आहे, पण तो कसा काढला ते माहीत नाही. चाळीस गावं मी पायी फिरलो, एकेक ओढा पाहिला. आपल्या गावात उतरलोही नाही. आपलंच गाव, त्यात काय बघायचं, असं म्हणून गाडी पुढे घेतली. त्या पायरीवरून मी शंभर उड्या मारल्या होत्या. लहानपणापासून जे नाव ऐकलं ते तसंच नकाशाच्या सूचीत लिहिलं: 'नदीची पायरी'. लोकांनी ठेवलेलं नाव मी तपासून घेतल्यासारखं छापलं. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच नकाशाच्या आधारावर शाळा तिथे बांधली गेली. जागा सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर माझी सही आहे.

दोन वर्षांपूर्वी दादाने मला ती चार मापं कळवली आणि लिहिलं, एकदा येऊन बघून जा. मी पोस्टकार्डावर उत्तर पाठवलं. त्यात काय लिहिलं होतं ते मी विसरलो होतो, किंवा विसरलो असं समजत होतो. ते कार्ड त्याने वहीत चिकटवून ठेवलं आहे.

"दादा, ती पायरी नदीनेच केलेली आहे. तुझी नळी तीन मिलिमीटर इकडेतिकडे होते आणि तुला त्यात भूकंप दिसतो. भूगोल मुलांना शिकव, मला नको."

त्याच्याखाली लाल शाईने, त्याच्या पेपर तपासायच्या अक्षरात: "१० पैकी २. उत्तर घाईत लिहिले आहे. प्रत्यक्ष जागा पाहून पुन्हा सोडवा."

मी वाचलं आणि हसू आलं. खरंच आलं. मग वही मिटून बाहेर जाऊन उभा राहिलो.

पुढचं पान उलटलं तर मापं दर महिन्याची. दर महिन्याचा पहिला रविवार. त्या कार्डानंतर एकही रविवार चुकलेला नाही, ताप होता तेव्हाही नाही, 'अंगात ताप, पण हात स्थिर' असं समासात लिहिलं आहे. पावसात आकडे वर जातात, उन्हाळ्यात खाली येतात, माती फुगते ती ही अशी, आणि या सगळ्या वरखालीतून एक गोष्ट सावकाश वाढत राहते. वर्षाला दीड मिलिमीटर, दोन मिलिमीटर. वर्षातून एकदा मोजून हे कधीच कळलं नसतं. मॅडमनी आकडे कागदावर उतरवून आलेख काढला आणि विचारलं, "हे कुठल्या संस्थेचं काम?" मी म्हणालो, चौथीच्या भूगोलाच्या मास्तरांचं.

शेवटची नोंद २ फेब्रुवारीची. ११२१. त्याखाली तारीख टाकून ठेवली आहे, २ मार्च, आणि पुढे जागा कोरी.

म्हणजे, तो दर महिन्याला मोजायला लागला तो माझ्या त्या कार्डामुळे. आणि दोन मार्चला, पहिल्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, भूकंप झाला तेव्हा, तो शाळेच्या सामानाच्या खोलीत खांद्यावर नळी घेऊन उभा होता, तोही त्यामुळेच. शाळा जिथे नसायला हवी होती तिथे होती, तीही माझ्यामुळे. दाखल्यावरच्या त्या सहीबद्दल तरी मला तुम्हाला दारात सांगायचं होतं. त्याऐवजी मी भांडी विचारली.

आणखी एक. तुमच्या घराच्या फॉर्मवर मी त्या दिवशी 'घर बंद' असं लिहिलं. उत्तर मिळालं नाही की आम्ही तसं लिहितो. घर बंद नव्हतं. तुम्ही दारात होता.

बैठक पाचला आहे. समितीचे अध्यक्ष बांधकामाची तारीख ठरवायला निघाले आहेत. चिमणी पुढच्या वर्षी त्या नव्या शाळेत बसेल, म्हणून मला हे नीट करायचं आहे. तुम्ही उत्तर दिलं नाही तरी चालेल.

भाऊजी


रविवार, ६ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. ते खिशात ठेवूनच मी बैठकीला गेलो. आधी बैठकीचं सांगतो, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल.

मैदानावर मांडव टाकला होता. सगळं गाव आलं होतं. मॅडमनी चराचे फोटो भिंतीएवढे करून लावले होते. मी थर दाखवले, दोन त्रिकोण दाखवले, दादाचा आलेख दाखवला. मला चारचौघांत बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण काल कसं कोण जाणे, एकदा खडू हातात आला आणि थांबलोच नाही. मुलं पुढे येऊन बसली. एकाने विचारलं, "काका, जमीन दुखते का?" मी म्हणालो, "नाही, पण ती दमते. दमली की सरकते." मॅडमनी कपाळाला हात लावला. हे शास्त्र नाही, मला माहीत आहे.

मग अध्यक्ष उठले. माणूस वाईट नाही, त्यांचा पुतण्या याच शाळेत शिकतो. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला.

"साहेब, हा दाखला ओळखता?"

"हो."

"यात लिहिलंय, जागा सुरक्षित. ही सही कोणाची?"

"माझी."

"मग तेव्हा तुम्ही चुकलात, का आता चुकताय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "तेव्हा. मी इथे उतरलोच नव्हतो. पायरी नदीने केली असं लहानपणी ऐकलं होतं, तेच लिहिलं. माझ्या भावाने चूक दाखवली, तीही मी ऐकली नाही. रेघ इथून जाते. या खांबाखालून."

अध्यक्ष कागदाकडे बघत राहिले. मग मागून गिरणीमागच्या आजी उठल्या. "मास्तर नळी घेऊन फिरायचे तेव्हा आपण सगळे हसायचो. मीपण हसले. म्हणायचे, मास्तर, साप पाळलाय का? आता कोणी हसून दाखवा बघू." आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "तू रे, खाली बस. पोरं काय तुझ्या कागदात बसणार आहेत?"

ते बसले. दहा मिनिटं चर्चा झाली, त्यातली पाच मिनिटं आजींचीच. शाळा वरच्या माळावर जाणार, इथून तीनशे पावलं लांब. तिथेही चर खणून जमीन आम्ही आधीच तपासली आहे, थर अखंड आहेत. पायरीच्या दोन्ही बाजूंना पट्टा मोकळा राहणार, त्यावर काहीही बांधायचं नाही. उड्या मारायला हरकत नाही. ते मीच ठरावात घालायला सांगितलं, आणि अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. सही करताना ते मला म्हणाले, "साहेब, चूक कबूल करणारा अधिकारी मी पहिल्यांदा बघतोय. आता तुमच्या नव्या सहीवर विश्वास ठेवायला आणखी भीती वाटते." आणि हसले. मीही हसलो. गतिरोधक तर जेवणाच्या वेळेपर्यंत हसत होता.

नवा नकाशा मी पाठवला आहे. सूचीतून 'नदीची पायरी' काढलं. तिथे 'सक्रिय भ्रंश' आहे, आणि मापं कोणाची तेही. मॅडम म्हणाल्या, व्यक्तीच्या नावाखाली पदवी लिहायची पद्धत आहे. मी 'शिक्षक' लिहिलं.

आता तुमचं पत्र. तुम्ही नमस्कारही लिहिला नाहीत, त्या दिवशी दारात राहिलेली कोरी प्रत समोर ठेवून सरळ माझ्या फॉर्मची उत्तरं लिहिलीत, आकडे घालून. तुमच्या अक्षरात ते बावीस प्रश्न वाचताना मला पहिल्यांदा कळलं की ते किती लांबलचक आहेत. 'प्रश्न ७: भांडी पूर्वेला पडली. फक्त लोणच्याची बरणी जागेवर राहिली, तीच नको होती, खारट झाली होती.' 'प्रश्न ९: घड्याळ थांबलं नाही. पाच मिनिटं पुढे होतं, तसंच आहे.' 'प्रश्न १४: मी त्या वेळी माळ्याखाली स्टुलावर उभी होते आणि चिडले होते.' आणि फॉर्मवर न छापलेला तेविसावा: 'घर बंद नव्हतं. दुरुस्त करा.'

दुरुस्त केलं. 'घर बंद' खोडून शेजारी सही केली. तुमच्या घराची पायरी सातवी निघाली. सुतारापेक्षा दोनने कमी आणि आजींपेक्षा एकने जास्त.

त्याखाली तुम्ही वेगळ्या शाईने लिहिलंय ते मी बऱ्याच वेळा वाचलं. "दर महिन्याला जायला तुमचं कार्ड एकटंच कारण नव्हतं, एवढं मनावर घेऊ नका. ते रविवारी घरात थांबले की मी त्यांना माळा काढायला, वरचं सामान उतरवून झाडायला लावायचे. नळी घेतली की सुटका. निम्मे रविवार तुमचे असतील, निम्मे माझे आहेत. त्या रविवारीही मी माळाच काढायला सांगितला होता. वर भांडलेही. मोजून आले की खुशीत असायचे, दोन घास जास्त जायचे, म्हणून मी जाऊ द्यायचे. भाऊजी, तुम्ही मला भांडी विचारलीत. मला कोणी तरी हे विचारायला हवं होतं."

वहिनी, माळा कोणी कधी काढायचा यावरून भ्रंश हलत नाही. हे मी तुम्हाला ठामपणे सांगू शकतो, ते माझं काम आहे. स्वतःला सांगताना तेवढा ठामपणा येत नाही. तुम्हीही ते मला एकदा ठामपणे सांगितलंत, तर बहुतेक दोघांचं भागेल.

आज एप्रिलचा पहिला रविवार. सकाळी मी एकटाच पायरीवर गेलो. नळीत पाणी भरलं, बुडबुडे जायला बराच वेळ लागला. दादाने ते कसं केलं असेल, त्याला धीर कुठे होता? छत्रीच्या तारेचे आकडे दोन्ही सळयांवर अगदी बसतात. १५८७. मागच्या आठवड्यात आमच्या यंत्राने १५८४ दाखवलं होतं. अजून सरकते आहे! सावकाश, केसाकेसाने, पण सरकते आहे, आणि त्याच्या नळीला ते कळतं. मी तिथेच उकिडवा बसून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. मी मोठ्याने म्हणालो, "दादा, १५८७." खालच्या बाजूला चरणारी शेळी दचकली.

मार्चची जागा कोरीच ठेवली आहे. एप्रिलचं माप तिच्याखाली लिहिलं. आणि मागे जाऊन, त्या लाल शेऱ्याखाली, माझं उत्तर पुन्हा लिहिलं. एकच ओळ आहे. गुण द्यायला तो नाही, तुम्ही द्या, आल्यावर.

तुम्ही पंधराला येताय असं पत्राच्या मागच्या बाजूला चिमणीने लिहिलं आहे. किल्ली काकूंकडून घेतली. टेकू पुन्हा तपासला, घरात राहायला हरकत नाही. आत्ता तुमच्या स्वयंपाकघरात बसूनच हे लिहितो आहे. दुपारचे अडीच वाजलेत, म्हणजे तुमच्या घड्याळात दोन पस्तीस. नळी खिडकीच्या गजाला अडकवून ठेवली आहे, पाणी निथळतंय.

स्टूल तिथेच आहे, माळ्याखाली, तुम्ही सोडलंत तिथे. डोक्याला फडकं बांधलं आहे. आता वर चढतो आणि माळा काढायला घेतो.

दादाचा धाकटा